पाण्यात नाव, वर मोल

माठ विकत घेताना यवतमाळचा माणूस आधी तो वाजवून पाहतो. फेब्रुवारी सरत आला की रस्त्याच्या कडेला तणसावर माठ मांडले जातात आणि गिऱ्हाईक उकिडवं बसून, मान तिरपी धरून, एकेका माठाला टिचकी मारत ऐकत राहतं. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. भदभद वाजला तर कुठेतरी तडा आहे, मग तो डोळ्याला दिसो की न दिसो. विकणारा शपथा घेतो, पण गिऱ्हाईकाचा विश्वास शपथेवर नसतो, बोटाच्या पेरावर असतो.

जुन्या शिडाच्या नौका तपासणारे तज्ज्ञही हेच करतात. फायबरची नौका पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर उभी करायची, मग प्लॅस्टिकच्या डोक्याची एक हलकी हातोडी घेऊन तिच्या पोटावर वीतभर अंतराने टकटक करत जायचं. आवाज खणखणीत असेल तर फायबरचे थर एकजीव आहेत. भदभद असेल तर थर सुटलेत, किंवा त्यांच्यात पाणी मुरलंय. या टकटकीचे पैसे नौकेच्या लांबीवर, फुटाच्या हिशेबाने घेतले जातात. यवतमाळच्या बाजारात ही सेवा अजून फुकट मिळते आणि वर तज्ज्ञ स्वतःच माठ उचलून घरी नेतो.

यवतमाळ आणि शिडाची नौका यांचा संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. मुंबईचा समुद्र इथून रस्त्याने साडेसहाशे किलोमीटरच्या वर. जिल्ह्यातल्या पुष्कळांची शिडाशी शेवटची भेट शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात झालेली. तरीही जुन्या पद्धतीची लाकडी नौका बांधायची म्हटली तर तिला लागणाऱ्या दोन मुख्य गोष्टी या जिल्ह्याच्या अंगणात आहेत. एक सागवान, ज्याचं जंगल पांढरकवडा-घाटंजीकडे पसरलंय. दुसरा कापूस. कापसाचं नाव ऐकून लोक शिडाच्या कापडाकडे पाहतात, पण त्याचं खरं काम खाली असतं. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत कापसाची वळलेली वात छिन्नीने ठोकून बसवतात, वरून लांबी भरतात, आणि ती वात फुगून समुद्र अडवते. म्हणजे ज्या वस्तूची वात देव्हाऱ्यात जळते तीच फळीच्या फटीत भिजत पडते आणि माणसं वाचवते.

तो कापूस मात्र समुद्र पाहून आला. शकुंतला नावाची अरुंद रुळांची गाडी यवतमाळहून मूर्तिजापूरला रखडत जायची. तिचा जन्मच वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तिथून जहाजाने मँचेस्टरपर्यंत पोचवण्यासाठी झाला होता. गाठी समुद्रापार गेल्या, पिकवणारा मूर्तिजापूरच्याही अलीकडे राहिला.

समजा, असा एखादा यवतमाळकर मुंबईच्या किंवा गोव्याच्या खाडीवर एखादी वापरलेली शिडाची नौका पाहायला उभा राहिला. विकणारा काय दाखवतो? वरचं सगळं. पांढरंशुभ्र शीड, चकचकीत डोलकाठी, आतला सोफा, छोटी शेगडी, पितळी घड्याळ. संध्याकाळच्या उन्हात डेकवर बसून चहा घ्यायची जागासुद्धा दाखवतो. वरून कीर्तन अगदी रंगात आलेलं असतं. यवतमाळकर सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, “अन् खाली काय हाय, भाऊ?”

खाली दोन गोष्टी असतात. एक कील, म्हणजे नौकेचा कणा. कोकणातले जुने कारागीर त्याला पठाण म्हणत. आजच्या फायबरच्या नौकेत कील म्हणजे पोटाखाली लोंबणारा शिशाचा किंवा बिडाचा जाड पंखा. त्याचं वजन बऱ्याचदा नौकेच्या एकूण वजनाचा तिसरा हिस्सा भरतं. वारा शिडाला आडवं पाडू पाहतो, तेव्हा हा खालचा ठोकळा नौकेला पुन्हा उभं करतो. दुसरी गोष्ट बिल्ज. पायाखालची फळी उचलली की दिसणारा, नौकेतला सगळ्यात खालचा खळगा. वरून गळलेलं, बाजूने झिरपलेलं, इंजिनातून ठिबकलेलं सगळं उतारावरून इथे येऊन साचतं. हरवलेले चमचे, स्क्रू, पेनाची टोपणं आणि मागच्या मालकाने मनावर न घेतलेल्या सगळ्या तक्रारी इथेच सापडतात.

अडचण अशी की कील असते पाण्याखाली आणि बिल्ज असतो फळीखाली. घेणाऱ्याला दिसतं फक्त शीड. मराठीत या व्यवहाराला नाव आहे: पाण्यात म्हैस आणि वर मोल. ही म्हण ज्याने केली त्याने नौका पाहिली असेल-नसेल, पण नौका घेण्याचा पहिला नियम त्याने सांगून ठेवला. आधी बाहेर काढा, मग भाव बोला. जगभरचे तज्ज्ञ हेच सांगतात. नौका क्रेनने उचलून पाण्याबाहेर ठेवल्याशिवाय ते कागदावर सही करत नाहीत. क्रेनचा खर्च बहुधा घेणाऱ्याच्या बोकांडी बसतो. म्हशीच्या बाबतीत निदान ती स्वतःच्या पायांनी बाहेर येते.

बैलबाजारात वाढलेल्या माणसाला हा सगळा मामला परका नाही. बैल घेताना शिंगांचा हिंगूळ, गळ्यातली घुंगुरमाळ, पाठीवरची झूल हे शीड-डोलकाठीचंच खातं. जाणता शेतकरी तिकडे ढुंकून पाहत नाही. तो बैलाचा जबडा उघडून खालचे दात मोजतो: दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. मग चालवून पाहतो, खांदा दाबून पाहतो. मग दुपट्ट्याखाली हात जातात आणि बोटांनी भाव ठरतो, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. नौकेचे दात म्हणजे कीलचे बोल्ट. ते बिल्जमध्येच दिसतात, रांगेने, नटांसकट. आणि विकणारा नेमका तोच जबडा उघडायला नाराज असतो. “ती फळी जरा घट्ट बसलीय,” असं तो म्हणाला, की घेणाऱ्याने स्क्रूड्रायव्हर मागावा.

फळी निघाली आणि खाली पाणी दिसलं, तर घाबरायचं कारण नाही. चौकशी करायचं मात्र आहे. नौकेत पाणी येण्याच्या वाटा अनेक. पोकळ डोलकाठीतून पावसाचं पाणी आत उतरतं. पिण्याच्या पाण्याची टाकी गळते. इंजिनाचा दांडा जिथून बाहेर पडतो तिथल्या जुन्या पद्धतीच्या बुचातून मिनिटाला दोन-चार थेंब पडणं तर अपेक्षितच असतं. तिथे थेंब पडला नाही तर मिस्त्री काळजी करतो. यवतमाळच्या नळाने हा दर्जा बऱ्याच आधी गाठलेला आहे.

मग पाणी कुठलं हे ओळखायचं कसं? सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे बोट बुडवून जिभेला लावणं. गोडं असेल तर पाऊस किंवा टाकी. खारं असेल तर समुद्र आत येतोय आणि तो कुठून येतोय हे शोधेपर्यंत चेकबुक खिशात ठेवावं. (डिझेलची चव लागली तर थुंकावं, तेही ताबडतोब.) पण यवतमाळकर इथे अडचणीत येतो. त्याच्या जिल्ह्यात कुठल्याही तळाशी पाणी दिसणं ही आनंदाची बातमी असते. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराची दोन्ही धरणं कोरडी पडली, गल्लोगल्ली टँकरमागे ड्रमांच्या रांगा लागल्या. त्या मे महिन्यात कुणी तळात चार बादल्या गोडं पाणी असलेली नौका विकायला काढली असती, तर यवतमाळकराने पाण्याचे वेगळे पैसे मोजून ती घेतली असती आणि नौका अंगणात उलटी टाकली असती.

खरा संशयाचा विषय ओला बिल्ज नव्हेच, कोरडा ठणठणीत बिल्ज. धुऊन-पुसून, वर ताजा रंग मारून, फिनेलचा वास सुटलेला. भाड्याचं घर दाखवताना घरमालक जसा स्लॅबच्या ओलीवर आदल्या दिवशी चुना फासतो, तसं. अशा वेळी अनुभवी माणूस पाणी शोधत नाही, पाण्याची रेघ शोधतो. जिथपर्यंत पाणी चढून राहिलेलं असतं तिथे भिंतीवर एक मळकट पट्टा उमटतो आणि तो रंगाखालूनही डोकावतो. पैनगंगेच्या काठावरच्या माणसाला हा पट्टा वाचायला शिकवावं लागत नाही. जुलै २०२३ च्या पुरात महागाव तालुक्यात लोकांना काढण्यासाठी हेलिकॉप्टर मागवायची वेळ आली होती. असा पूर ओसरला की भिंतीवरच्या रेघेवर बोट ठेवून लोक सांगतात, “इथंलोक होतं.” नौकेचा बिल्जही तेच सांगत असतो, फक्त मालक मध्ये बोलत राहतो म्हणून ऐकू येत नाही.

बोल्टांची गोष्ट जरा गंभीर आहे. ते स्टेनलेस स्टीलचे असतात आणि वरून नट चमकत असतो. पण स्टेनलेसला गंजापासून वाचायला हवा लागते; ओल्या फटीत, हवा न मिळता अडकलं की तेही कुरतडलं जातं, आणि बोल्ट मध्येच कमरेत बारीक होत जातो. बाहेरून खूण एवढीच की नटाभोवती तांबूस ओघळ दिसतो, किंवा कील जिथे पोटाला चिकटते तिथे पुढच्या बाजूला एक बारीक चीर पडते. तज्ज्ञ तिला हसू म्हणतात. हे हसू पाहून हसू नये. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ नावाची नौका अटलांटिकमध्ये कील गळून पडल्यामुळे उलटली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. चौकशीत असं दिसलं की ती आधी अनेकदा तळाला टेकली होती आणि तिची डागडुजीही झाली होती. म्हणून घेणाऱ्याने मागच्या मालकाला एक प्रश्न विचारायचा असतो: ही कधी जमिनीवर घासली होती का? उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. उत्तर यायला किती वेळ लागला, तो मोजायचा.

लाकडी नौकांची तऱ्हा आणखी वेगळी. लाकडी नौका उन्हात सहा महिने उभी ठेवून पाण्यात सोडली तर पहिले एक-दोन दिवस ती चाळणीसारखी गळते. फळ्या सुकून आकसलेल्या असतात. त्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना दाबतात आणि मग गळणं आपोआप थांबतं. शहरी गिऱ्हाईक पहिल्या तासातच पळून जातं. ज्याच्या घरी लाकडी बंडी होती तो पळत नाही. वैशाखात बंडीची चाकं सुकून आरे खिळखिळे व्हायचे, धाव सैल पडून खडखड वाजायची. तेव्हा चाकं काढून रात्रभर नाल्याच्या डोहात टाकून ठेवायची हे बारा वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. सकाळी चाक पुन्हा ठणठणीत. डोहच कोरडा असला तर चाकांवर ओली पोती टाकायची. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाने जिल्ह्याला लाकडाचा स्वभाव शिकवला, समुद्राची गरज पडली नाही.

पण फुगूनही काही फटी बुजत नाहीत. त्यातल्या सर्वात नामांकित फटीचा जन्म महाराष्ट्रातला आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे जहाजावरचे इंग्रज अधिकारी १९६० च्या दशकात मुंबईत होते. त्यांनी नौका बांधायची ठरवली आणि इंग्लंडहून आराखडा मागवला. आला भलताच, जुन्या घाटाच्या, जाडजूड नौकेचा. परत पाठवण्यात वेळ कोण घालवणार म्हणून तीच नौका बांधायला घेतली. कुलाब्याच्या कारखान्यात भारतीय सुतारांनी तासणी आणि हाताच्या सामत्याने भारतीय सागवानाची ३२ फुटांची ‘सुहैली’ उभी केली. १४ जून १९६८ ला नॉक्स-जॉन्स्टन तिच्यात बसून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालायच्या शर्यतीत निघाले. काही आठवड्यांतच, केप व्हर्डे बेटांच्या आसपास, बिल्जमधलं पाणी वाढायला लागलं. पंप मारून मारून हात दुखले, तेव्हा ते पाण्यात उतरले आणि नौकेखाली गेले. कीलला लागून असलेल्या फळीचा सांधा चांगला आठ फूट उघडला होता, तोही दोन्ही बाजूंनी.

आता भर समुद्रात क्रेन कुठली आणायची? माणसाने श्वास रोखला, कापसाच्या वाती घेतल्या, हातोडी घेतली आणि पाण्याखाली एकेक वात फटीत ठोकायला सुरुवात केली. गोरं अंग माशांना दिसू नये म्हणून निळा शर्ट आणि जीन्स घालून. श्वास संपला की वर, पुन्हा खाली. कापूस बसेना, तो वर येईपर्यंत लोंबायला लागायचा. मग डांबर लावलेल्या कॅनव्हासची पट्टी, तिच्यावर तांब्याचे खिळे, आणि शेवटी तांब्याची पट्टी. मध्ये एक शार्क घिरट्या घालायला आला. नॉक्स-जॉन्स्टननी डेकवर येऊन बंदूक काढली, तो टप्प्यात येईपर्यंत वाट पाहिली, गोळी घातली, आणि पुन्हा खाली उतरून खिळे ठोकायला लागले. २२ एप्रिल १९६९ ला ते फॅल्मथला पोचले. शर्यतीत नऊ जण निघाले होते, पूर्ण करणारे ते एकटे. एकट्याने, न थांबता पृथ्वी-प्रदक्षिणा करणारे पहिले. म्हणजे एवढी मोठी कामगिरी शेवटी सागवान आणि कापूस या दोन वस्तूंवर तरली. यवतमाळने यात श्रेय मागू नये, तो कापूस कुठला होता याची पावती कुणाकडे नाही. पण मान थोडी ताठ करायला हरकत नाही.

याच ‘सुहैली’ची प्रतिकृती पुढे गोव्यात बांधली गेली. ‘थुरिया’ तिचं नाव. तिच्यात बसून नौदल अधिकारी अभिलाष टॉमी २०१८ मध्ये तशाच एका शर्यतीत उतरले. दक्षिण हिंदी महासागराच्या वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला आणि त्यांना दुसऱ्या बोटीने वाचवून नेलं.

समुद्रापासून लांब राहून नौकेचं ज्ञान असणं ही काही एकट्या यवतमाळची मिरास नाही. अजिंठ्याच्या डोंगरात पाचव्या शतकातल्या चित्रकाराने शिडाचं जहाज रंगवून ठेवलंय. त्या चित्रावरून गोव्यात एक जहाज बांधलं गेलं. फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवल्या, सांध्यांत नारळाचे तंतू, राळ आणि माशाचं तेल भरलं. २१ मे २०२५ ला कारवारला ते ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ नावाने नौदलात दाखल झालं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं. बांधणाऱ्यांची पंचाईत ही होती की जुना आराखडा कुठेच नव्हता, होतं ते फक्त चित्र. दीड हजार वर्षांपूर्वीचा चित्रकारही शेवटी विकणाऱ्याच्याच जातीचा: शिडं दाखवली, तळ दाखवला नाही. तळाचं गणित आजच्या इंजिनिअरांना आयआयटीत बसून करावं लागलं.

आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या खऱ्याखुऱ्या नावा? त्या आहेत. पुसची धरणं, दिग्रसजवळचं अरुणावती, बाभुळगावकडचं बेंबळा, यांच्या पाण्यावर भोई आणि ढिवर मंडळी डोंगा घेऊन मासे धरतात. डोंग्याला शीड नाही. कीलही नाही, आणि त्यामागे शहाणपण आहे. मे महिन्यात धरणाचं पाणी मागे हटत हटत चिखल उघडा पडतो. तिथे चार फूट खोल कील घेऊन येणारी नौका पहिल्याच पंधरवड्यात गाळात रुतून बसेल आणि तिच्यावर बगळे बसतील. डोंग्याचा तळ सपाट, हातभर पाण्यातही चालणारा. बिल्ज वेगळा काढलेला नसतो, कारण सगळा डोंगाच बिल्ज असतो. माशांचं टोपलं, जाळं, भाकरीचं फडकं आणि पाणी, सगळे एकाच पातळीवर. पंपाच्या जागी पत्र्याचा एक डबा असतो. तो डोंग्याबरोबरच विकला जातो, आणि तो किती झिजलाय यावरून जाणकाराला हवं ते कळतं.

अशा जुन्या डोंग्याचा सौदा व्हायचा झाला, तर क्रेन लागणार नाही. संध्याकाळी डोंगा पाण्यात सोडून काठावरच्या बाभळीला बांधायचा आणि घरी जाऊन झोपायचं. पहाटे घेणारा आधी पोचतो. विकणारा त्याच्याही आधी पोचलेला असतो, डबा हातात.

“कावून बे, रातभर उपसत व्हतास का?”

“नाई बापा. आताच आलो. दव पडलं व्हतं थोडं.”

घेणारा खाली वाकतो, तळाला बोट लावतो, बोट नाकाशी नेतो. मग विकणाऱ्याच्या पँटकडे पाहतो. ती गुडघ्यापर्यंत ओली आहे.

“दवानं?”

“आता घेतूस का सांग ना राज्या. डबा फुकट देतो.”